कुठलं झाड लावताय? आधी त्याचा पाचोळा बघा

मे महिना संपत आला की नाशकात रोपांच्या गप्पा सुरू होतात. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायला लागतात, या रविवारी अमुक टेकडीवर खड्डे, पुढच्या रविवारी रोपं, येताना पाण्याची बाटली आणि टोपी आणा, आणि मग कुणीतरी विचारतंच की यंदा झाडं कुठली लावायची. त्यावर धडाधड उत्तरं येतात, कुणी म्हणतं लवकर वाढणारी लावा, कुणी म्हणतं देशीच लावा, कुणाला पक्ष्यांसाठी फळझाडं हवी असतात, कुणाला सावली, कुणाला गुरं तोंड लावणार नाहीत अशी. सगळं बरोबरच आहे. पण हे झाड वर्षानुवर्षं खाली काय टाकणार आणि त्या टाकलेल्याचं मातीत काय होणार हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तर वाटतं आपल्या टेकड्यांवर झाड निवडताना पहिला प्रश्न तोच असायला हवा. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, मोठं होईल, पण वाचा.

चामर लेणी, रामशेज, बोरगड, पांडवलेणी, कुठंही कुदळ मारून बघा, वीतभर माती लागली तरी नशीब, खाली लगेच मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह चांगलं असतं, थोडं स्फुरद म्हणजे फॉस्फरसही असतं, पण नत्र म्हणजे नायट्रोजन जवळजवळ नसतोच. नत्र हवेत आहे, आणि एकदा का तो मातीत उतरला की पान, पाचोळा, बुरशी, गांडूळ, मूळ, परत पान असा फिरत राहतो, फिरता राहिला तर जंगल टिकतं आणि वाहून गेला किंवा जळून गेला तर टेकडी उघडी पडते. आमच्या घरी मखमलाबादला द्राक्षबाग आहे त्यामुळं नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅशियम) हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय. बागेत काय कमी पडलं ते देठ परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये कळतं आणि आपण ड्रिपमधून सोडून मोकळे होतो. टेकडीवर कोण सोडणार? तिथं जे काही खत आहे ते झाडंच वरून टाकतात, म्हणजे झाड बदललं की खतच बदललं.

आता पान गळण्याच्या आधीचं बघा. पान पिवळं पडतं ना, तेव्हा झाड त्यातलं कामाचं काढून घेत असतं, हरितद्रव्य मोडतं, आणि मुख्यतः पानातली प्रथिनं मोडून त्यातला नत्र आणि सोबत स्फुरद फांदीत परत ओढलं जातं, साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त. कॅल्शियम मात्र परत जात नाही, ते पेशींच्या भिंतीत आणि बारीक स्फटिकांत अडकून बसलेलं असतं, म्हणून जून पानात ते साठत जातं आणि गळताना सगळंच्या सगळं खाली येतं. हे ओढून घेण्याचं प्रमाण प्रत्येक जातीचं वेगळं. ज्या झाडाला मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळतो ते फारशी काटकसर करत नाही, त्याचं गळालेलं पानही नत्रानं भरलेलं असतं, आणि जी झाडं हलक्या जमिनीत वाढायला सरावलेली आहेत ती बहुतेक सगळं काढून घेऊनच पान सोडतात. दिसायला दोन्ही पाचोळेच, पण आतला माल वेगळा.

खाली पडल्यावर कोण आधी सुटतं हेही ठरलेलं आहे. पालाश पानात कशालाच चिकटलेला नसतो, नुसता रसात विरघळलेला, त्यामुळं पहिल्या काही सरींतच तो धुऊन खाली येतो, अगदी झाडावरच्या हिरव्या पानांवरून जे पाणी ठिबकतं त्यातही असतो. नत्र आणि स्फुरद पान कुजण्यावर अवलंबून. कॅल्शियम बहुधा शेवटी, भिंती मोडल्या की.

आणि नत्राचं एक गणित आहे ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला कर्ब म्हणजे कार्बन खाताना सोबत नत्रही लागतो. पाचोळ्यात नत्राच्या साधारण २५ पट कर्ब असेल तोवर ठीक, कुजताना नत्र उरतो आणि मुळांना मिळतो. हेच प्रमाण पन्नास-साठ पटीवर गेलं की जिवाणू उलट मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि हे प्रमाण खाली येईपर्यंत सोडत नाहीत. शेतात लाकडाचा भुसा मिसळला की पीक पिवळं पडतं ते यामुळंच. पण नुसता नत्र बघूनही भागत नाही. लिग्निन म्हणजे पानाला कडकपणा देणारा लाकडी भाग आणि टॅनिन म्हणजे हिरड्यात, जांभळाच्या सालीत असतं ते तुरट द्रव्य, ही दोन्ही जास्त असली की नत्र असूनही पान कुजायला वेळ लावतं, कारण टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधून ठेवतं.

वाचून हे पटत होतं पण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. यावर काम करणारे शास्त्रज्ञ नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्या करतात, वाळलेली पानं वजन करून त्यात भरतात, जंगलात जमिनीवर ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी एकेक पिशवी उचलून उरलेलं वजन करतात. आपल्याकडं कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांना काय तोटा. मृगाच्या आधी बांधावरच्या जांभळाखाली मी त्या मांडल्या, एका पिशवीत एकाच झाडाची पानं, वर दगड, ओळखायला रंगीत सुतळी, आणि पोळा झाल्यावर उघडून बघितल्या. गिरिपुष्पाची म्हणजे आपल्या उंदीरमारीची पिशवी तर त्याच्या कितीतरी आधीच रिकामी झाली होती, मधल्या काड्या तेवढ्या उरलेल्या. उंबराच्या पिशवीत देठ आणि काळा ओलसर चुरा, त्यात बारीक गांडुळं आणि हात लावला की वेटोळं करणारा एक वाणी किडा. सागाच्या पानाचा मधला मऊ भाग खाल्ला गेलेला आणि शिरांची जाळी शिल्लक, उचलली की लोंबायची. ऐनाचं पान अर्धवट, ठिकठिकाणी भोकं, कडा कुरतडलेल्या. निलगिरीचं पान आकारानं होतं तसंच, रंग फक्त गडद झालेला, आणि चुरगळलं तर अजून वास येत होता. ऑस्ट्रेलियन बाभळीची ती लांबट चिवट पानं तर ठेवली तशीच. एकच जमीन, एकच पाऊस, एकाच झाडाची सावली, आणि एवढा फरक.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पोलंडमध्ये तपासला गेलाय. तिथं १९७० च्या आसपास एकाच जमिनीवर १४ जातींची झाडं वेगवेगळ्या तुकड्यांत शेजारीशेजारी लावली होती, तीसेक वर्षांनी खालची माती तपासली आणि २००५ साली निष्कर्ष छापून आले. झाडागणिक माती बदललेली. आणि सगळ्यात जास्त संबंध कशाशी लागला तर पाचोळ्यातल्या कॅल्शियमशी. मेपल, लिंडेन अशा ज्या झाडांच्या पानांत कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली मातीचा सामू (पीएच) चढा, गांडुळं जास्त, आणि पाचोळा थर करून न बसता पटापट मातीत मुरत होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नत्राचा विषय सोडून हे कॅल्शियम कुठून आलं मध्येच असं वाटलं होतं, पण गांडुळाच्या अंगातच कॅल्शियम साठवणाऱ्या ग्रंथी असतात, त्याला ते लागतंच, आणि गांडूळ आलं की पान खाली ओढलं जातं, मातीत मिसळतं, माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं. डेन्मार्कच्या म्युलर नावाच्या वनअधिकाऱ्यानं तर १८७९ च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की जंगलात दोन प्रकारची जमीन सापडते, एक गांडुळांनी कालवलेली रवाळ आणि एक न कुजलेल्या पाल्याच्या थरांची, बुरशीनं विणलेली.

आपल्याकडं कॅल्शियमची झाडं कुठली म्हणाल तर पहिलं नाव वड-पिंपळ-उंबर या कुळाचं. यांच्या पानांत चुन्याचे बारीक दाणे असतात. मुळं दगडाच्या फटीत खोल जातात, खालून कॅल्शियम उचलतात आणि पानातून वर जमिनीवर आणून टाकतात, म्हणजे जिथं कुदळ पोचत नाही तिथलं खत वर येतं. आफ्रिकेत याच कुळातलं इरोको नावाचं झाड आहे, त्याच्याखालच्या आंबट जमिनीतही चुनखडी तयार झालेली सापडते, झाड कॅल्शियम ऑक्झलेट साठवतं, जिवाणू ते खातात आणि मागं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. मला हे इतकं भारी वाटतं की एक झाड आणि काही जिवाणू मिळून जमिनीचा सामूच बदलून टाकतात.

दुसरं नाव ऐन. सालीवर चौकोनी भेगा असलेला, त्र्यंबकपासून हरसूल, पेठ, सुरगाण्यापर्यंत सगळीकडं दिसणारा ऐन. याच्या सालीत कॅल्शियम एवढं की सालीची राख पूर्वी विड्याच्या पानाला चुन्याऐवजी लावायचे. आणि ऐन म्हटलं की राब आलाच.

राब ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेठकडं चैत्र-वैशाखात भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी एक तुकडा भाजून ठेवतात, दाढ भाजणी म्हणतात त्याला. आधी शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, मग झाडलेला पाचोळा आणि गवत, सगळ्यावर पातळ माती आणि मग पेटवायचं, तेही वाऱ्याच्या उलट्या बाजूनं म्हणजे धडाडून पेट घेत नाही, धुमसत धुमसत खालपर्यंत भाजतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं की बाबा ऐनच का, जवळ साग एवढा पडलाय. ते म्हणाले, ताई, ऐनाच्या राखेवर रोप काळंभोर येतं, सागाच्या पाल्यावर तसं येत नाही. त्यांच्या शेताच्या कडेचे ऐन बघण्यासारखे आहेत, फांद्या दरवेळी बुंध्यालगत छाटलेल्या आणि खोडाला चिकटूनच पालवीचे झुबके फुटलेले, लांबून नुसते हिरवे खांब.

राखेत होतं काय की नत्राचा मोठा भाग जळताना हवेत जातो, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, स्फुरद हे बऱ्यापैकी मागं राहतं, सामू चढतो, तणाचं बी मरतं, आणि माती तापल्यामुळं तिच्यात अडकलेला काही नत्र अमोनियमच्या रूपात मोकळा होतो, म्हणजे कोवळ्या रोपाला सुरुवातीला सगळं हाताशी. डोकं लावून केलेलं काम आहे हे. पण हिशोब जंगलाच्या बाजूनंही मांडायला हवा, कारण दोन-चार गुंठ्यांच्या दाढीसाठी कितीतरी झाडांचं वर्षाचं कॅल्शियम आणि पालाश शेतात उतरतं आणि डोंगराला परत काहीच जात नाही. ऐन भरपूर होते आणि छाटणी आलटून पालटून व्हायची तोवर ते पेलत होतं. आता झाडं कमी आणि कोयता तोच. युरोपातही हेच झालं होतं, जर्मनीत गुरांखाली अंथरायला शेकडो वर्षं जंगलातला पाला ओरबाडून नेला, जंगलं खुरटली, आणि एबरमायर नावाच्या शास्त्रज्ञानं १८७६ साली पाचोळ्यातून किती अन्नद्रव्यं जातात त्याचा सगळा हिशोबच मांडला.

सागाबद्दल माझं मत थोडं गुंतागुंतीचं आहे. साग कॅल्शियम भरपूर मागतो आणि पानातून देतोही, पाऊस चांगला असला की पान त्याच वर्षी बऱ्यापैकी कुजतं, तेव्हा सागाखाली माती मरते वगैरे जे बोलतात ते सरसकट खरं नाही. शिवाय सागावर पावसाळ्यात अळी पडते, पानांची चाळण करते, आपल्याला वाटतं झाड गेलं, पण त्या अळ्यांची विष्ठा खाली पडते ना ती नत्रानं भरलेली आणि लगेच वापरता येणारी असते, म्हणजे कुजण्याची वाट न बघता जंगलात मधल्यामधे एक हप्ता जमा. अडचण नुसत्या सागाची आहे. सगळं पान उन्हाळ्याच्या तोंडाला गळतं, मोठं, वाळकं, कुरकुरीत, एक काडी पडली की पेटतं. मग जून येतो तेव्हा जमीन उघडी, आणि सागाच्या मोठ्या पानावर पाणी गोळा होऊन जाड थेंब पडतात, वरून इतक्या उंचीवरून पडणारा तो थेंब उघड्या मातीला फोडून काढतो. खाली झुडपं असती, पाचोळा शिल्लक असता तर तोच थेंब काही करू शकला नसता. त्यामुळं सागाच्या रांगांत मध्ये मध्ये दुसरं काहीतरी पाहिजेच.

आता उंदीरमारी. नाशिकच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर हे झाड किती आहे ते सांगायला नको, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुललं की फोटो काढायला गर्दी होते. पानात वाळल्या वजनाच्या ३ ते ४ टक्के नत्र, काही आठवड्यांत कुजतं, शेताच्या बांधावर लावून हिरवळीचं खत म्हणून वापरायला याच्यासारखं दुसरं नाही, मी स्वतः बागेत वापरते. पण उघड्या टेकडीवर फक्त हेच असलं तर काय होतं बघा. उन्हाळाभर पाला कोरडा पडून राहतो, पहिला पाऊस झाला की सुप्त बसलेले जिवाणू एकदम जागे होतात आणि नत्र भसकन सुटतो. कोरड्या मातीला पाणी लागलं की असा उमाळा येतो हे बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेत अभ्यासून १९५८ साली मांडलं, आजही त्याच्याच नावानं ओळखतात. त्या वेळी जमिनीत भरपूर भुकेली मुळं असली तर हा नत्र पकडला जातो. नसली तर तो नायट्रेट होतो, आणि नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर निघतो आणि जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियमही सोबत नेतो, माती हळूहळू आंबट होत जाते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये रेड आल्डर या नत्र बांधणाऱ्या झाडाखाली हे नीट मोजलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात तर पावसाचा फरकही केवढा, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नर-येवल्याला त्याहूनही कमी. म्हणजे जे झाड येवल्याच्या बाजूला नत्र देऊन उपकार करेल तेच घाटमाथ्यावर तोच नत्र नदीला देऊन बसेल. आणि पाला इतक्या लवकर संपतो की भर पावसात जमिनीवर पांघरूण उरत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

हवाई बेटांवर तर नव्या लाव्हाच्या जमिनीवर, म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या भाऊबंदावर, बाहेरून आणलेलं मिरिका फाया नावाचं झाड पसरलं. ते मुळाशी नत्र बांधतं, तिथली जुनी झाडं नत्राच्या टंचाईत जगायला सरावलेली होती, आणि व्हिटूसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की या एका झाडामुळं जमिनीत येणारा नत्र जवळपास चौपट झाला. ऐकायला बरं वाटतं, पण वाढलेल्या नत्राचा फायदा बाहेरच्याच इतर वनस्पतींनाही मिळू शकतो आणि जुन्यांची जागा जाते. खत वाढलं म्हणजे जंगल सुधारलं असं नसतं हो.

म्हणून उंदीरमारी सरसकट तोडा असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं तिनं नत्र साठवलाय, सावली धरलीय, तर आता तिच्या सावलीत ऐन, जांभूळ, बेहडा, करंज लावावेत आणि ते वर आले की तिला छाटत छाटत मागं न्यावं, छाटलेला पाला तिथंच मुळाशी टाकावा. नत्र पकडणारी मुळं आली की तोच नत्र कामाला येईल.

नत्राचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगूनच टाकते कारण रोपवाटिकेत नेहमी ऐकते, शेंगा येणारं झाड म्हणजे नत्र बांधणारं झाड. नाही. बहावा, आपटा, चिंच, गुलमोहर, या सगळ्यांना शेंगा येतात पण यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी होत नाहीत. पळस, पांगारा, खैर, शिरीष, शिसव, करंज, बाभूळ यांच्या होतात. सुरूच्या झाडाला तर शेंगा नाहीत तरी गाठी आहेत, तिथं नेहमीच्या रायझोबियम जिवाणूंऐवजी फ्रँकिया नावाचे वेगळेच जिवाणू असतात. तेव्हा नत्रासाठी बहावा लावत असाल तर त्यासाठी नको, फुलांसाठी लावा, सुंदरच आहे तो.

आणि गाठी असल्या तरी पान कसं आहे ते बघावंच लागतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं हेच दुखणं आहे. ती नत्र बांधते, पण आपण जे पान म्हणतो ते पान नसून चपटा झालेला देठ असतो, जाड, लिग्निननं भरलेला, वर्ष गेलं तरी पडून राहतो. नत्र आला खरा पण तो त्या जाड थरात कोंडून बसला. थराखाली गवत येत नाही, बी रुजत नाही, आणि उन्हाळ्यात पेट घ्यायला आयतं. निलगिरीचंही तेच, त्यात तेल असतं ते वेगळंच. टेकडी लवकर हिरवी दिसावी म्हणून ही दोन झाडं लावणं मला अजिबात पटत नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगते.

वणव्याबद्दल थोडक्यात लिहिते, नाहीतर माझं लिखाण थांबणार नाही. राब एका तुकड्यात, शेण-मातीखाली, धुमसत ठेवून भाजतात. वणवा अख्ख्या डोंगराचा वर्षभराचा पाचोळा एका दुपारी नेतो, नत्र हवेत, राख पहिल्या वळवाच्या पावसात नाल्यात. गवत चांगलं येतं म्हणून लावतात, आणि पहिल्या वर्षी येतंही, राखेतल्या पालाश-स्फुरदावर. पण दरवर्षी लावला की नत्राची भर होण्याआधीच तो परत जातो. मग कुठलंही झाड लावा, त्याच्या पाचोळ्याचा विचारच करायला नको, कारण पाचोळा जमिनीला मिळतच नाही. शहरातही तेच चाललंय, सकाळी सकाळी कॉलेज रोडला गंगापूर रोडला झाडलेल्या पानांचे ढीग पेटलेले दिसतात. त्या धुरात आपल्याच झाडांचा नत्र असतो.

कुंभमेळ्याच्या कामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशकात एवढं रान उठलं तेव्हा सगळीकडं एकच हिशोब ऐकू यायचा, एका झाडामागं किती रोपं लावणार. त्या हिशोबात माती कुठंच नव्हती. अमेरिकेत हबर्ड ब्रूक म्हणून जंगल आहे, तिथं १९६५ च्या शेवटी एका अख्ख्या पाणलोटातली झाडं अभ्यासासाठी तोडली आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून काही वर्षं तणनाशकही मारलं. लाकूड तिथंच पडलेलं, बाहेर काही नेलं नाही, तरी ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमही जात राहिलं. कारण कुजवणारे जिवाणू काम करत होते पण सुटलेला नत्र पकडायला मुळंच नव्हती. जुन्या झाडाखाली दशकानुदशकं जे साठलेलं असतं ते रोपाबरोबर नर्सरीच्या पिशवीतून येत नाही, ते त्याच जागी, त्याच झाडाच्या पानांनी, तेवढीच वर्षं घेऊन तयार व्हावं लागतं.

तर मग यंदा काय लावायचं. मला विचाराल तर एकाच जातीचं काहीच नको. वेगवेगळ्या पानांचा पाचोळा एकत्र पडला की बऱ्याचदा तो सुट्या पाचोळ्यापेक्षा लवकर कुजतो, नत्रवाल्या पानाचा नत्र बुरशीच्या धाग्यांतून शेजारच्या कडक पानाला पोचतो, म्हणजे चिवट पान आपोआप मऊ पडतं, आणि चिवट पान जमिनीवर पांघरूण धरून ठेवतं. त्यामुळं लवकर कुजणारं, सावकाश कुजणारं, कॅल्शियमवालं आणि नत्रवालं असं चारही हवं. उघड्या, मुरमाड, बोरगडसारख्या उतारावर आधी पळस, खैर, शिरीष, मध्ये ऐन. पाण्याच्या ओघळीला उंबर, करंज, जांभूळ, आणि दगडाच्या कपारीत वड-पिंपळाची फांदी किंवा रोप. त्र्यंबक-हरसूलकडं पाऊस जास्त आहे तिथं नत्र बांधणाऱ्यांची संख्या कमी आणि ऐन, हिरडा, बेहडा, आंबा जास्त. खड्डा भरताना जवळच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती टाका, तिच्यात तिथल्या मुळांची ओळखीची बुरशी असते आणि ही बुरशी रोपाला स्फुरद मिळवून देते. मूठभरच, टोपलीभर नको, नाहीतर त्या झाडाचं नुकसान. आणि आळ्यातला पाला झाडून स्वच्छ करू नका प्लीज, फोटोत आळं स्वच्छ दिसतं पण रोपाचं जेवण तेच असतं.

पिशव्यांचं काम यंदाही करणार आहे. धावड्याची आणि सालईची गळालेली पानं मला पाहिजे तेवढी मिळाली नाहीत, मोहाचीही हवी आहेत, झाडावरून तोडलेली हिरवी नकोत, खाली पडलेलीच, कोरडी. पेठ-सुरगाण्याकडं कुणाचं येणं-जाणं असेल तर मृगाच्या आधी एखादी पिशवी भरून आणा, कांद्याच्या रिकाम्या जाळ्या माझ्याकडं आहेत, त्या घेऊन जा आणि तुमच्याही बांधावर एक संच मांडा, म्हणजे सिन्नरकडच्या कोरड्या बाजूला आणि घाटाकडं तेच पान किती दिवसांत जातं हे आपल्याला शेजारीशेजारी ठेवून बघता येईल.